आत्याकडे राहिलेलं नाव

टॅला, १६ फेब्रुवारी २०२५

मेधाताई, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फळीवर टाकून दिलं असेल, तर काढा आणि वाचा. फोन तुम्ही उचलत नाही. रवीनं तुमचा नंबर ब्लॉक करून ठेवलाय, आणि त्याच्याशी त्या विषयावर बोलायची माझी छाती होत नाही. उरला कागद. पोस्टातली बाई म्हणाली, इंडियाला दहा-बारा दिवस धरा. सव्वादोन वर्षं गेली, दहा-बारा दिवसांचं काय एवढं.

परवा अभिजितच्या बायकोचा, भार्गवीचा फोन आला होता. बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि अजून नाव नाही, म्हणाली. कुणी पिल्लू म्हणतं, कुणी ठकी. अभिजितला सख्खी बहीण नाही, चुलत का होईना, आत्या म्हणजे तुम्हीच. आणि तुम्ही म्हणे पाळण्याजवळ यायला तयार नाही. ‘माझ्यामुळे रवीच्या घरात यायची पोर परत गेली. माझं तोंड या बाळाच्या कानाला नको,’ असं म्हणालात म्हणे.

अहो, असं बोलतात का! आपल्या अख्ख्या गोतावळ्यात तीस-पस्तीस पोरांच्या कानात तुम्ही नाव सांगितलंय. तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीत. ज्या नावाचं हजेरीत वाटोळं होतं ते नाव ठेवायचं नाही, हा तुमचा नियम. निहारिकाचं नाव तुम्हीच निवडलंत. इथले मास्तर तिला ‘नेहा-रीका’ म्हणतात, पण तो काही तुमचा दोष नाही.

ताई, झालं ते झालं. भाऊबीजेला रवीनं तुम्हाला त्या मुलीचा फोटो पाठवला, ‘ही तुझी ओवाळणी’ म्हणून. तुम्ही आनंदाच्या भरात तो स्टेटसला ठेवलात. दोनच तास. फोटो बाहेर दाखवायचा नाही अशी दत्तक देणाऱ्या संस्थेनं आमच्याकडून सही घेतली होती, ते रवीनं तुम्हाला धड सांगितलंसुद्धा नव्हतं. मग पत्र आलं, की मुलीचा फोटो लोकांत फिरला, सबब ठरलेलं रद्द. ती दुसऱ्या कुणाच्या घरी गेली. रवीनं तुम्हाला फोनवर जे ऐकवलं ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. सख्ख्या बहिणीला कुणी असं बोलू नये, आणि ज्या बहिणीनं आईच्या माघारी त्याला दहावीपासून सांभाळलं तिला तर नाहीच नाही.

माझ्या मनात आता काही नाही. मी तुम्हाला माफ केलंय. बारशाला जा.

इकडे सगळं ग्रँड. इथे पाऊस असो नाहीतर मयत, विचारलं की सगळं ग्रँडच असतं.

सुचित्रा

टॅला, ९ मार्च २०२५

मेधाताई,

तुमच्या उत्तराचा फोटो भार्गवीनं पाठवला. वहीचं फाडलेलं पान, समास आखलेला, आणि खाली लाल शाईनं सही. बाई शेवटपर्यंत मास्तरीणच!

‘सुचित्रा, तू मोठ्या मनाची आहेस. तुझी क्षमा मी डोळ्यांना लावली. पण पाळण्याजवळ मी येणार नाही.’

तीन ओळी. त्या वाचून मी हॉस्पिटलात गेले आणि दिवसभर चुकत राहिले. औषधांच्या ट्रेवर दोनदा चुकीचं लेबल छापलं. माझी सुपरवायझर म्हणाली, यू ओके, लव्ह? मी म्हटलं, ग्रँड. मोठ्या मनाची! मला आयुष्यात कुणी असं म्हटलेलं नाही. माझी सख्खी आईसुद्धा मला तिखट मिरची म्हणायची.

तुम्हाला आठवतं का हो ते वर्ष? निहारिकानंतर माझी तीन बाळं दिवस भरण्याआधीच गेली. नंतर आम्ही ठरवलं की पोटचं नाही तर नाही, पण घरात दुसरं मूल हवं. कागद पुरे करण्यात चार वर्षं गेली. सोशल वर्कर आमच्या घरी येऊन कपाटं उघडून बघायची, नवरा-बायको भांडता का, भांडलात तर किती वेळ, असलं विचारायची. आणि नेमकी तेव्हा रवीची नोकरी गेली. वकील, संस्था, भाषांतरं, मूल जिथलं त्या देशात दीड महिना राहणं, एवढं सगळं उभं कुठून करायचं? आमची आयरिश शेजारीण ब्रीडा म्हणाली, त्यात काय, फंडरेझर करू. इथे शाळेच्या छपरापासून कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळ्याला लोक वर्गणी काढतात, कुणाला लाज वाटत नाही. रवीला वाटली. ‘आपण लग्नात आहेर नको छापणारी माणसं, आता डबा घेऊन उभं राहायचं?’ दोन दिवस जेवला नाही नीट.

मार्ग तुम्हीच काढलात. ‘फुकट घेऊ नका, हातावर काहीतरी ठेवा आणि घ्या,’ म्हणालात, आणि मिरजेहून आठ किलो भाजणी पाठवलीत. त्यावर आमचं वर्ष निघालं. मी चकल्या पाडायची, निहारिका पाकिटं बंद करायची, रवी टॅलापासून डून लेरीपर्यंत पोचवायचा. डून लेरीच्या पियरवर, समुद्रात गेलेल्या त्या लांब धक्क्यावर, वर्गणीसाठी आम्ही पंचवीस जण दहा फेऱ्या मारायला गेलो, वारा असा की रवीच्या मित्राची, हर्षवर्धनची टोपी समुद्रात गेली. इथल्या खेळाच्या क्लबात प्रश्नमंजूषा झाली. तिला इथे टेबल क्विझ म्हणतात. त्यात ब्रीडाच्या नवऱ्यानं चकलीला ‘दॅट स्पायरल योक’ म्हटलं, इथे नाव न सुचलेल्या कुठल्याही वस्तूला योक म्हणतात, आणि सात पाकिटं घेऊन गेला. आणि शेवटी ऑक्टोबरात कॉफी मॉर्निंग, म्हणजे हॉलमध्ये लोकांना कॉफी पाजून वर्गणी गोळा करायची. त्या दिवशी मी जिलेबी केली होती. मुलगी होणार म्हणून जिलेबी. इथल्या थंडीत पीठ आंबत नाही, तर गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं ना, हॉट प्रेस, त्यात टॉवेलांच्या मध्ये पातेलं ठेवायचं. टॉवेलांना आठवडाभर आंबूस वास येत होता.

हे सगळं मी का लिहीत बसलेय कोण जाणे.

ताई, एक विचारू? स्टेटस दोन तास होता. तुमच्या फोनमध्ये माणसं किती? शाळेच्या बायका, भिशी, आपले नातेवाईक. त्यातलं कोण त्या संस्थेत सांगायला जाणार आहे? फोटो फिरला एवढंच पत्रात होतं. कुठून फिरला ते कुठे लिहिलं होतं? म्हणजे तुम्ही स्वतःलाच धरून बसला आहात, ते कदाचित तसं नसेलही.

जाऊ दे. बाळाला फार दिवस बिननावाचं ठेवू नका.

सुचित्रा

टॅला, १७ मार्च २०२५

मेधाताई,

आज इथे सेंट पॅट्रिकची सुट्टी. रवी निहारिकाला मिरवणुकीला घेऊन जाणार होता, पण ती गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली. रवी एकटाच दूध आणायला बाहेर पडला, तशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात सात कार्डं.

हॉट प्रेसमध्ये, सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे मी ती ठेवली होती. फाडून टाकायला हात झाला नाही. पोरगी चादर शोधायला खुर्चीवर चढली असेल.

‘मम,’ म्हणाली, ‘वॉज इट अवर कार्ड्स?’

ताई, आता बसून वाचा.

त्या जिलेबीच्या प्रत्येक डब्यात मी एक कार्ड घातलं होतं. कार्डावर तिचा फोटो. पिवळा फ्रॉक, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. खाली निहारिकानं तिच्या सात वर्षांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘थँक यू फ्रॉम माय सिस्टर.’ नव्वद कार्डं, त्यातली ही सात उरली. फोटो दाखवायचा नाही हे मला ठाऊक होतं. सही माझीच आहे, दुसऱ्या पानावर, तारखेसकट. पण मला वाटलं, ज्या माणसांनी अकरा महिने चकल्या खाऊन आपल्याला उभं केलं, त्यांना नुसती जिलेबी कशी द्यायची? कुणासाठी दिली ते तोंड तरी दाखवावं. आपल्याकडे पेढे देताना बाळ दाखवतातच की. आणि खरं सांगू? मला मिरवायचं होतं. तीन वेळा लोकांनी माझ्याकडे ‘अरेरे’ म्हणून बघितलं होतं. त्या एका शनिवारी मला मुलीची आई म्हणून हॉलच्या दारात उभं राहायचं होतं. रवी तेव्हा दूर कासलबारला तात्पुरत्या कामावर, त्या आठवड्यात आलाच नाही. त्याला काही माहीत नाही.

ब्रीडानं कौतुकानं डब्याचा फोटो काढून क्लबच्या नेटवरच्या पानावर टाकला. तिला कुठे काय माहीत. तिचा काही दोष नाही. दोन आठवड्यांनी ईमेल आली, माझ्या पत्त्यावर, कारण सगळा व्यवहार मीच बघायची. त्यात त्या डब्याचं चित्र जोडलेलं होतं. जिलेबी, कार्ड, निहारिकाचं अक्षर. हे काय आहे त्याचा खुलासा करा, म्हणून. मी खुलासा केला, रडत, माफी मागत. ब्रीडाला सांगून ते पान काढवलं. ती ईमेल मी पुसून टाकली. मग आठ दिवसांनी दोघांच्या नावानं छापील पत्र आलं, त्यात नुसतं एवढंच, की फोटो प्रसृत झाला.

रवीनं ते वाचलं आणि खाली बसला. म्हणाला, ‘ताईचं स्टेटस.’

मी काहीच बोलले नाही. हातात डाव होता, भाताचा. त्यानं फोन लावला आणि बोलायला सुरुवात केली, आणि मी डाव धरून उभी राहिले. तुमचं रडणं मला त्याच्या फोनमधून ऐकू येत होतं. ‘चुकले रे, चुकले रे’ म्हणत होतात. नंतर मी मनाला समजावलं, की मी खोटं एक अक्षर बोलले नाही. खरंच नाही बोलले. गप्प बसले, बस्स. आणि वर गेल्या महिन्यात तुम्हाला माफ केलं! लिहिताना हात झडला कसा नाही माझा.

निहारिकाला मी तेव्हाच सांगितलं होतं की कार्डांचं बाबाला बोलायचं नाही. मी स्वतःला सांगत आले की हे मी तिच्यासाठी केलं, आपल्या अक्षरामुळे बहीण गेली असं पोरीला वाटू नये म्हणून. त्यात थोडं खरं आहे. पण थोडंच. बाकी सगळं माझ्यासाठी होतं. आणि त्याचा उपयोग काय झाला? पोर आता दहाची आहे आणि मला विचारते, आमच्या कार्डांमुळे का? तिला आतून माहीतच होतं, ताई. एवढी वर्षं तिनं ते एकटीनं पोटात ठेवलं.

मी तिला म्हटलं, कार्डं माझी होती, तुझी नाही. ती म्हणाली, ‘बट आय रोट देम.’

तुमच्यामुळे काही गेलं नाही. तुमचं स्टेटस कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. हे तुम्ही चारदा वाचा, आणि बारशाला जा.

सुचित्रा

टॅला, ६ एप्रिल २०२५

मेधाताई,

मला वाटलं होतं तुम्ही शिव्या द्याल. मी तयारीत होते. तुमची शिवी म्हणजे काय, ‘नतद्रष्ट’च्या पुढे तुमची मजल जात नाही.

तुम्ही पाठवलंत काय, तर एक ओळ. ‘रवीला सांगितलंस का?’

नाही सांगितलं.

भार्गवी म्हणते, तुम्ही पत्र वाचून दोन दिवस अंथरुणातून उठला नाहीत. आणि बारशाबद्दल विचारलं तर म्हणालात, ‘रवी म्हणेल तेव्हा.’ म्हणजे माझ्या सांगण्यानं तुमची सुटका नाही. ज्यानं ठपका ठेवला त्यानंच तो काढायचा. बरोबर आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच धरून बसले असते.

पण ताई, तुम्ही त्याला ओळखता. तो भांडला असता तर बरं होतं. त्या पत्रानंतर वर्षभरानं आमची मंजुरी संपली, पुन्हा अर्ज करायचा का असं सोशल वर्करनं विचारलं, तर म्हणाला, नको, आता ताकद नाही. जमलेलं ज्याचं त्याला परत दिलं. काहींनी घेतलं नाही, तेही दुसऱ्या कामाला देऊन टाकलं. तिच्यासाठी रंगवलेल्या खोलीत तो आता इस्त्री करतो. दर रविवारी पाच शर्ट. दार लोटून घेतो. मी एकदा आत डोकावले तर इस्त्री गार होती आणि तो नुसता उभा होता.

भाऊबीजेला तो जेवत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल. म्हणजे उपास वगैरे काही नाही. म्हणतो, भूक नाही.

मी सांगितलं तर त्याचं काय उरेल? मूल बायकोनं घालवलं, आणि बहिणीला त्यानं स्वतःच्या तोंडानं घालवलं, तेही उगाच. मला भीती माझीही वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या त्या दुसऱ्या गोष्टीची जास्त वाटते.

इस्टरची सुट्टी येतेय. तेव्हा सांगते.

असं मी मागच्या रविवारीही म्हणाले होते.

सुचित्रा

टॅला, २० एप्रिल २०२५

मेधाताई,

हे पत्र पोस्टानं नाही, रवीच्या बॅगेतून येतंय. पाकीट चिकटवलंय. तो उघडायचा नाही, त्याचं तसं आहे.

शुक्रवारी सांगितलं. निहारिका ब्रीडाकडे केक करायला गेली होती. तो प्रेसमधून कप काढत होता. इथे साध्या कपाटालाही प्रेस म्हणतात, आता आमच्याही तोंडात तेच बसलंय. मी कार्डं ओट्यावर ठेवली. सातही. सगळं सांगितलं. ईमेलचं, ती पुसल्याचं, डाव धरून उभी होते त्याचं. तुम्हाला लिहिलेल्या पत्रांचंही, त्या माफीचंही.

त्यानं एकेक कार्ड उचलून बघितलं. त्यानं ते अक्षर ओळखलं. मग म्हणाला, ‘निहारिकाला माहीत होतं?’

मी हो म्हटलं.

‘सातव्या वर्षी तू तिला माझ्यापासून लपवायला शिकवलंस.’

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. कप जागेवर ठेवला, प्रेसचं दार लावलं, आणि बाहेर पडला. संध्याकाळी आला तेव्हा बूट ओले. डून लेरीला जाऊन पियरवर चालत होता म्हणे. घरात येऊन आधी निहारिकाच्या खोलीत गेला. बराच वेळ दोघं आत होती. मला बाहेरून निहारिकाचं रडणं ऐकू आलं आणि मग त्याचंही. मी जिन्यावर बसून राहिले. मला त्या खोलीत जायचा हक्क नव्हता.

शनिवारी त्यानं तिकीट काढलं. माझ्याशी बोलतो, मीठ कुठे आहे, चावी घेतलीस का, इतपत. परतीचं तिकीटही काढलंय, ते मी बघितलं. कोणत्या तारखेचं ते बघायची हिंमत झाली नाही.

तो तुमच्या दारात उभा राहील तेव्हा त्याला फार वेळ उभं ठेवू नका. तुम्ही ठेवणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही आधी त्याला जेवायला वाढाल आणि मग रडाल.

माझं एक मागणं आहे. मला मागायचा अधिकार नाही, तरी मागते.

त्या मुलीसाठी तुम्ही नाव ठरवून ठेवलं होतंत. रवीनं किती विचारलं, मी विचारलं, निहारिकानं तर व्हिडिओवर तुमच्या विनवण्या केल्या. तुम्ही म्हणालात, ‘आधी बाळाच्या कानात, मग तुमच्या. बारशापर्यंत कळ काढा.’ ते नाव मग कुणाच्याच कानात गेलं नाही. ती आता पाच वर्षांची असेल. जिथे असेल तिथे तिला त्यांनी काहीतरी नाव ठेवलंच असेल, चांगलंच असेल, ती शाळेत हजेरीला ओ देत असेल. तुमचं ते नाव तिच्या काही उपयोगाचं नाही आता.

ते अभिजितच्या लेकीला द्या. तुम्ही ते उष्टं समजू नका. कुणाच्या अंगाला न लागलेलं, कोरं नाव आहे. नीट पारखून निवडलं असणार तुम्ही, हजेरीत न बिघडणारं. तुमच्याकडे आणखी किती दिवस पडून राहणार?

मला मात्र ते सांगू नका.

सुचित्रा

टॅला, ४ मे २०२५

मेधाताई,

तुमच्याकडे आता संध्याकाळचे सहा वाजले असतील, बायका घुगऱ्यांची पाकिटं घेऊन निघाल्या असतील. आमच्याकडे दीड. म्हटलं, विसरायच्या आत लिहून काढावं.

रवीचा फोन आला साडेबाराला. गेल्यापासून तो निहारिकाशी रोज बोलतो, माझ्याशी आज पहिल्यांदा बोलला. म्हणाला, ‘ताई तयार झाली. हिरवं लुगडं नेसली आहे, आईचं.’ मग, ‘ऐकायचंय का तुला?’ मी फोन स्पीकरवर टाकला, आणि त्यानं त्याचा फोन तसाच चालू ठेवून कुठेतरी ठेवला, पाळण्याजवळच असेल. चित्र नव्हतं, नुसता आवाज.

मी ओट्याशी उभी होते. निहारिका शेजारी.

काय गोंधळ हो तुमच्याकडे! भार्गवी कुणाला तरी ‘समई, समई’ म्हणून ओरडत होती. कुणीतरी म्हणालं, ‘अगंबाई, मेधाताई आल्या,’ आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. मग तुमचा आवाज आला. अडीच वर्षांनी ऐकला मी. थकलाय. तुम्ही म्हणालात, ‘सरका गं, मला वाकू द्या, गुडघा मोडतोय माझा.’ आणि सगळ्या हसल्या.

मग ‘कुर्रर्र’ ऐकू आलं. आणि तुमच्या पाठीत धपाटे बसायला लागले, धप धप धप, बायकांनी काही दयामाया ठेवली नाही. तुम्ही ‘अगं पुरे, मेले’ म्हणत होतात आणि हसत होतात, आणि मध्येच ते हसणं तुटलं. धपाटे थांबले. कुणीतरी म्हणालं, ‘सांगा ना ताई, मोठ्यानं सांगा, काय ठेवलं?’

मी फोन बंद केला.

आज ना उद्या कळेल. भार्गवी सांगेल, फोटोखाली लिहिलेलं दिसेल, कुणी त्या नावानं हाक मारेल. एवढ्या मोठ्या घरात नाव काही लपून राहत नाही. पण आज नको. आज मला नुसतं एवढंच हवं होतं, की तुम्ही वाकलात.

निहारिका माझ्याकडे बघत होती. ‘मम, यू हंग अप! व्हॉट डिड दे कॉल हर?’

म्हटलं, माहीत नाही गं.

तिनं बंद फोन ओट्यावर उलटा करून ठेवला. मग म्हणाली, ‘बाबा कधी येणार?’ चक्क मराठीत. तेही माहीत नव्हतं मला. मी आमची दोघींची ताटं वाढली, आणि सवयीनं तिसरंही वाढलं गेलं, ते झाकून ठेवलंय.

सुचित्रा